दर दोन तासांनी

बुंदीचं नख. नऊ महिन्यांचं,
कागदाच्या कडेइतकं जाड.
माझ्या डोळ्यातली बाहुली पकडायला
तिनं हात घातला, एवढंच.

नखं कापायचं काम तुझं होतं, रविवारचं.
हे मी रिक्षात म्हणाले, गीता भवनच्या चौकात,
डोळ्यावर ओढणीचा बोळा धरून.
तू रिक्षावाल्याला म्हणालास, भिया, जरा हळू.
मला काहीच म्हणाला नाहीस.

पोरवाल मॅडमनी पिवळ्या रंगाची पट्टी टेकवली,
खोली अंधारी केली, निळा उजेड लावला.
या, तुम्हीही बघा, तुला म्हणाल्या.
तू वाकून पाहिलंस माझ्या बुबुळावर
हिरवं झळकणारं, तांदळाच्या कणीएवढं.
मला ते कधीच दिसलं नाही.
माझी जखम, पाहिलेली तू.

मग त्यांनी आमची घरातली बाटली हातात घेतली,
कॉम्प्युटरपायी कोरड्या पडणाऱ्या डोळ्यांसाठी तूच आणलेली,
खोक्यावर छापलेलं : कृत्रिम अश्रू.
बाजूला ठेवली.
ही महिनाभर टिकते, म्हणाल्या,
कारण न नासण्यासाठी हिच्यात काहीतरी घातलेलं असतं.
ते जंतूंना मारतं, पण नव्या पेशींनाही जडच जातं,
दिवसातून इतक्या वेळा तर नकोच.
ह्या घ्या, छोट्या कुप्या. उघडली की त्याच दिवशी संपवायची.

जखम थेंब भरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.
कडेच्या पेशी आपणहून सरकतात,
एकमेकींना धरून,
भजनातली एखादी उठून गेली की
सतरंजीवर बायका सरकून घेतात तशा.
थेंब फक्त पापणीला समजावतो :
ये-जा कर, पण घासू नको.

तर दर दोन तासांनी.
अबोला होता, तरी तुला "वर बघ" म्हणावंच लागायचं
आणि मला बघावं लागायचं,
पंख्याच्या पात्यावरच्या धुळीकडे,
तुझ्या हनुवटीखाली दाढी करताना सुटलेल्या तीन केसांकडे.
तुझ्या बोटांना जिरावणाचा वास.
हात धुतलेस?
धुतले.
दिवसभरात आमचं बोलणं ते तेवढं.

चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, भरली.
पण ही आत्ता नुसती साय धरलीय,
खाली पकड बसायला महिने जातात.
रात्री मलम लावत जा.
मी पाच-सहा रात्री लावलं. मग विसरले,
म्हणजे, कंटाळले.

कुठल्याशा मंगळवारी पहाटे चारला
नर्मदेचा नळ खोकला.
पाणी भरायची पाळी माझी.
मी झोपेतच खाडकन डोळा उघडला
आणि रात्रभर कोरडी पडून चिकटलेली पापणी
ती साय घेऊनच वर गेली.

बादली भरून वाहत राहिली.
मी जमिनीवर बसून, दोन्ही हात डोळ्यावर,
म्हणाले, नखं.
तीन आठवड्यांनी परत तेच, नखं.
तू दिवा न लावता फ्रीजवर चाचपडत
ट्यूब शोधलीस.

आता न चुकता मलम.
लावल्यावर थोडा वेळ सगळं तुपातून पाहिल्यासारखं :
तू, मच्छरदाणी, उताणी झोपलेली बुंदी,
खिडकीत नेलकटर.
कुणाची कड कुठं संपते ते नीट कळत नाही.
मी त्या पाच मिनिटांत कधी कधी बोलते,
गॅसचा नंबर लावलास का, असलं काही.

सकाळी डोळा एकदम उघडायचा नाही.
आधी मिटल्या पापणीखाली बुबुळ हळूच फिरवायचं,
कोपऱ्यात एक थेंब,
थांबायचं.

थेंब तू घातलास, आत्ताच.
गार आहे. नाकाकडे उतरतोय.
बाहेर पाणी आलंय, ऐकू येतंय मला.
तू म्हणतोस, राहू दे, मी भरतो.
मी अजून डोळा उघडलेला नाही.